वाटीतला चीक

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीआधी एक धडा असतो, जन्मजात प्रतिकारशक्तीचा. पूर्वी तो माझा आवडता धडा होता. आता तो जवळ आला की आठवडाभर आधीपासून माझं डोकं फिरलेलं असतं, घरात भांडी आपटली जातात आणि नवरा मुकाट्यानं बाहेर जेवून येतो. पण अभ्यासक्रमात आहे, म्हणून शिकवते.

धडा तसा सोपा आहे. लस घेतली की शरीरात जी फौज तयार होते ती सगळ्यांना माहीत असते. कोरोनाच्या वेळी टीव्हीवाल्यांनी अँटिबॉडी हा शब्द घराघरांत पाठ करून घेतला. पण ती फौज जमायला दिवस लागतात. तोवर दार कोण धरून ठेवतं? तर पेप्टाइडं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. त्यातली काही जंतूंना मारणारी असतात. आपल्या घामात, आसवांत, थुंकीत, कातडीत, आतड्याच्या अस्तरात ती कायम हजर असतात. जंतू जवळ आला की त्याच्या बाहेरच्या पडद्याला चिकटतात, भोक पाडतात आणि जंतू मरतो. त्याची आधी ओळख असावी लागत नाही. बेडकाच्या कातडीत ती आहेत, माशीत आहेत, झाडापाल्यात आहेत. डॉक्टर, वैद्य, देवऋषी ह्यांतलं कुणीच जगात नव्हतं तेव्हापासून हे काम बिनबोभाट चालू आहे.

मग मी सांगते की नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे स्वतःचा हा साठा तुटपुंजा असतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्याकडे तर आणखीच कमी. म्हणून आईच्या शरीरानं तो पहिल्या दुधातून पाठवायची सोय केलेली असते. सुरुवातीला येणारं घट्ट, पिवळं दूध, म्हणजे चीक. त्यात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडेही जंतू मारतात. तयार पेप्टाइडं असतात ती वेगळी, आईच्या अँटिबॉडी वेगळ्या. एवढं सांगून झालं की मी फळ्याकडे वळते आणि काहीतरी खरडत राहते. मुलांना वाटतं मॅडम आकृती काढताहेत.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. उभी हयात तिनं पोरांना हात धुवा, नखं कापा, पाणी गाळून प्या हे शिकवण्यात घालवली. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज सोलापूरभर आहेत, कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी कलेक्टर कचेरीत, आणि बाजारात दिसली की वाकून नमस्कार करतात. हे मुद्दाम सांगते, कारण माझी गोष्ट ऐकली की लोक लगेच म्हणतात, "जुन्या अडाणी बायका, काय करणार." ती अडाणी नव्हती. ती स्वच्छतेचा तास घ्यायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. मी आणि नवरा होटगी रोडला राहायचो, माहेर जुळे सोलापुरात, रिक्षानं पोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तरी सातवा सरल्यावर बॅगा भरून, ओटी भरून, सगळ्यांच्या पाया पडून मी त्या दहा मिनिटांच्या प्रवासाला निघाले. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेव्हा ह्या सगळ्याचं मला हसू आलं होतं आणि बरंही वाटलं होतं. नवऱ्याला सुट्टी मिळायची नाही, सासूबाई अक्कलकोटच्या पलीकडे गावात, गुराढोरांत गुंतलेल्या. आईच्या हाती असलेलं बरं, असं मलाही वाटायचं.

आठवा संपायच्या आत माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब सिझेरियन करायला घेतलं. कमरेखालचं काही कळत नव्हतं, पण मी टक्क जागी होते. मुलगी झाली. इवलीशी, दोन किलोच्याही आतली, आणि अंगभर लोण्यासारखा पांढरा थर. तो थर म्हणजे घाण नव्हे. त्यातही हीच पेप्टाइडं असतात. पोटातून बाहेरच्या जगात येताना बाळाला पांघरायला दिलेली असतात म्हणा ना. मी म्हणाले, "तो पुसू नका." माझा आवाज कुणापर्यंत पोचला कोण जाणे. आयाबाईंनी कोमट पाण्यात कापड बुडवून पोरीला चोळून चोळून लख्ख केलं, कारण बाहेर आजी थांबलेली होती आणि आजीला बाळ स्वच्छ दाखवायचं असतं. आजीनं बाळ पाहिलं आणि आयाबाईंना साडी देईन म्हणाली.

मग पोरीला काचेत ठेवलं. आमच्याकडे असंच म्हणतात, काचेत ठेवलंय. ती खोली वरच्या मजल्यावर होती. बाळांचे डॉक्टर माझ्याकडे येऊन गेले. तरुण होते, घाईत होते, पण सांगितलं ते नीट सांगितलं. "हिला ओढता येणार नाही. नळीनं देऊ. तुमचं पहिलं दूध थेंबभर आलं तरी हातानं काढून वर पाठवत राहा. ह्या घडीला तिला त्याच्याएवढं काहीच उपयोगाचं नाही." मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तो धडा शिकवत होते.

पोटाला टाके, हाताला सलाईन, कुशीवर वळलं की डोळ्यांसमोर काजवे. तशात मी चीक काढायचे. हातानं दाबून दाबून, ओठ चावत. वाटीच्या तळाला चिकटेल एवढाच यायचा, हळदीत कालवल्यासारखा पिवळा. त्या थेंबांचा मला इतका आनंद व्हायचा की टाके विसरायचे. वाटी आई घरून उकळत्या पाण्यातून काढून, स्वच्छ पंच्यात गुंडाळून आणायची. जंतू नकोत म्हणून. माझ्या हातातून ती वाटी घ्यायची, वर पदर झाकायची आणि जिन्याकडे जायची. परत आली की मी विचारायचे, "घेतलं का?" ती म्हणायची, "घेतलं हो. तू पड आता."

दोन दिवस असं चाललं. मी निजायचे, उठायचे, काढायचे, द्यायचे. मनात हिशेब चाललेला असायचा की आता पोटात गेलं असेल, आता त्याचे तुकडे झाले असतील, आता ते पोरीच्या कोवळ्या आतड्याला अस्तर लावत असतील. वर्गात शिकवलेलं एक एक वाक्य मला खरं होताना दिसत होतं. त्या दोन दिवसांएवढी सुखी मी त्यानंतर झालेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. आई माझं डोकं विंचरत होती. त्यांनी फाईल पाहिली आणि सहज विचारलं, "मग, दूध यायला लागलं का? काळजी करू नका, येईल. तोवर पावडर चालू आहे."

मी म्हणाले, "पावडर? मी पाठवतेय ना वर."

त्यांनी आईकडे पाहिलं. म्हणाले, "सिस्टर म्हणाल्या की आजींनी सांगितलं, अजून येत नाही म्हणून."

आईचा हात माझ्या केसांतच थांबला. कंगवा तसाच. डॉक्टर काय ते समजले असावेत. "आता पाठवा, आत्तापासून पाठवा," एवढं म्हणून ते पुढच्या खोलीत गेले. मी आईला विचारलं, "वाट्या कुठं गेल्या?"

"मोरीत," आई म्हणाली. लपवलं नाही, अडखळली नाही. "तीन दिवस काढून टाकायचा असतोय तो. इतके महिने साचलेलं शिळं दूध ते. रंग बघितलास का त्याचा? लहान जिवाला पचतंय का तसलं?"

"आई, मी हेच शिकवते गं. पोट भरायला हेच शिकवते मी."

"शिकव की. पुस्तकातलं पुस्तकात. माझ्या नातीवर नको."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारच्या खोलीतल्या बाईचे नातेवाईक दारात येऊन उभे राहिले, एवढं आठवतं. आई एकदाही आवाज चढवून बोलली नाही. मी दमल्यावर तिनं पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "तुला नाही कळायचं ते. टाके उसवतील, ओरडू नकोस." आजही मला तिच्या त्या शांतपणाचा राग येतो. खोटं बोलली ह्याचाही येतो, पण तिला खोटं बोलताना जरासुद्धा जड गेलं नाही ह्याचा जास्त येतो.

नवरा दुपारी आला. त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग बाहेर जाऊन आईशी काहीतरी बोलून आला आणि मला म्हणाला, "जाऊ दे. आईच आहे ती, वाईट कशाला चिंतेल. आता इथून पुढं देऊ ना आपण." आपण. जणू त्याचंही काही ठणकत होतं.

त्यानंतर मी कुणाच्या हाती वाटी दिली नाही. चाकाच्या खुर्चीतून लिफ्टनं वर जायचे, सिस्टरच्या समोर काढायचे, सिस्टर नळीतून सोडायची, आणि शेवटचा थेंब आत जाईपर्यंत मी हलायचे नाही. दूध आता वाढलं होतं आणि पातळ, पांढरं होत चाललं होतं. साठा त्यातही असतो, नाही असं नाही. पण पहिल्या वाट्यांत होता तेवढा नव्हे. काचेतून पोर दिसायची, काविळीच्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, छातीचा भाता चाललेला. आठवडाभर ती बरी होती. काचेच्या खिडकीतून हात आत घातला की माझा अंगठा धरायची.

मग एका सकाळी ती अंगठा धरेना. अंग गार पडलं, पोट फुगलं, दूध पचेना. रक्त तपासायला गेलं आणि निदान आलं की जंतू रक्तात उतरलेत. कुठून आले ते कुणी सांगू शकत नाही. नळीतून येतात, सुईतून येतात, हातातून येतात, स्वतःच्या आतड्यातूनही पाझरतात. डॉक्टरांनी एक अँटिबायोटिक लावलं, मग दुसरं. जंतू कशालाच दाद देईनात.

त्याच दिवसांत सासूबाई आल्या. गावाकडून एसटीनं, डोक्यावरचा पदर सारखा करत, हातात पितळी डबा. वर जाऊन नात पाहून आल्या, डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग आमच्या खोलीत बसून डबा उघडला. आत होता त्याला आमच्या सासरी कन्नडमध्ये गिण्णू म्हणतात, सोलापुरात खरवस. त्यांची तांबडी गाय व्यायली होती. गाईच्या चिकात गूळ, वेलदोडा घालून वाफवलेल्या वड्या. पिवळ्याधमक.

"घ्या की, इहीणबाई," सासूबाई आईला म्हणाल्या. "अस्सल चीक हाय. पयल्या धारंचा न्हाई, त्यो वासराला सोडला. त्यानंतरचा."

"पहिला वासराला का?" मी विचारलं.

"मंग? त्याला जगाया नगं का? चीक न्हाई प्यालं की वासरू हागवणीनं मरतंय. आमच्यात तर आदी वासराला पोटभर, मग घरात."

"आणि बाईचा?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच विचारलंय. "बाईचं येगळं असतंय, पोरी. त्यो काढून टाकायचा. माझ्या पोरांचा माझ्या सासूनं मातीत गाडला होता."

आईनं मान हलवली. तिला पटलं. तिनं बशीतली वडी उचलली, अर्धी मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "छान झालाय हं. वेलदोडा बेताचा पडलाय." वरच्या मजल्यावर माझी पोर नळ्यांत गुंतलेली, आणि खाली ह्या दोघी विहिणी गाईच्या चिकाची चव घेताहेत. मला त्या क्षणी दोघींचाही इतका तिटकारा आला की भीती वाटली. मी भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंना वाटलं टाके दुखताहेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की आता एकच औषध उरलंय, कोलिस्टिन. मूत्रपिंडाला जड जातं, पण दुसरं काही नाही. नवऱ्यानं मान हलवली. मी हसले. डॉक्टरांना वाटलं असेल मला धक्का बसलाय. पण मला ते औषध ठाऊक होतं. कोलिस्टिन हे पेप्टाइडच आहे. मातीतला एक जंतू शेजारच्या जंतूंना मारायला ते बनवतो; माणसानं ते त्याच्याकडून घेऊन बाटलीत भरलं. काम तेच, पडद्याला भोक पाडायचं. म्हणजे माझ्या अंगात पोरीसाठी तयार झालेलं मोरीतून वाहून गेलं, आणि मातीतल्या जंतूनं स्वतःसाठी बनवलेलं तिच्या शिरेत चढवायची वेळ आली. हे कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आता ह्या गोष्टी कशाला.

औषधानं एक दिवस बरं वाटलं. तिनं पाय हलवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, खाली कॅन्टीनमधून फोडणीचा वास येत असताना, डॉक्टरांनी आम्हाला वर बोलावलं. नळ्या काढल्यावर पहिल्यांदा मला ती उघडी, मोकळी हातात घेता आली. तिच्या केसांच्या मुळाशी त्या पांढऱ्या थराचा एक कण अजून चिकटून होता. चोळणाऱ्या हातातून तेवढा एक सुटला होता.

तिला सासरच्या शेतात पुरलं. बाळंतिणीनं जायचं नसतं म्हणून मी गेले नाही. म्हणजे नेलं नाही. मी माहेरच्या पलंगावर पडून होते आणि माझं दूध थांबत नव्हतं. ब्लाउज भिजायचे, चादर भिजायची. आईनं छातीला पंचा घट्ट बांधला. वाटीत काढलेलं दूध मी उठून मोरीत ओतायला गेले, तर तिनं हात धरला. "मोरीत नको. पायदळी येतंय. झाडाच्या मुळाशी ओतायचं असतंय, नाहीतर पुढच्याला बाधतंय." तिनं स्वतः ती वाटी नेऊन अंगणातल्या जास्वंदीला घातली. चीक मोरीत चालला, दूध मात्र पायदळी यायला नको होतं. मी त्याच संध्याकाळी रिक्षा बोलावून माझ्या घरी आले. महिनाभरही राहिले नाही म्हणून नातेवाइकांत बोलणं झालं.

पुढे वर्षभर मी आईकडे सणावारापुरती जात राहिले. बोलायचे, पण कामापुरतं. लोक म्हणायचे, तिच्या मनाला काय वाटत असेल. वाटत असेल. मी विचारलं नाही.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला पुन्हा दिवस गेले. आईला नवऱ्यानं सांगून टाकलं. तिनं निरोप पाठवला, म्हणून गेले. ती स्वयंपाकघरात शेंगाची चटणी कुटत होती. दाणे, लसूण, तिखट, उखळात मुसळीनं. मिक्सरची चटणी तिला अजून चालत नाही. बाह्या वर केलेल्या. तिच्या दोन्ही कोपरांना सोरायसिस आहे, कित्येक वर्षांचा. लाल चट्टे, त्यांवर चंदेरी खपल्या. उन्हाळ्यात कमी होतो, थंडीत पसरतो. मी तिच्या कोपरांकडे पाहत बसले. ह्या रोगात कातडीत तीच पेप्टाइडं वाजवीपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. त्यामुळे चट्टे खाजवून रक्ताळले तरी सहसा चिघळत नाहीत. पण त्यांतलंच एक पेप्टाइड आपल्याच पेशींच्या कचऱ्याला बिलगतं, शरीर त्याला शत्रू समजतं आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतं. राखणदारानं घरच्यांनाच बडवावं तसं. बाहेर चोर असो नसो.

"बाळंतपणाला येशील ना इकडं?" आईनं मुसळी न थांबवता विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "कुणाकडंच नाही. मी आणि हे, दोघं बघू."

"मी काही करणार नाही. नुसती बसेन."

"नको."

मुसळी थांबली. आईनं ती उखळात उभी टेकवली. मग म्हणाली, "तुझ्या आधी एक मुलगा होता."

मला हे माहीत नव्हतं. मी थोरली, असंच आजवर सगळीकडे लिहीत आले.

तिची पहिली नेमणूक दूरच्या खेड्यात होती. तिथंच बाळंत झाली, जवळ कुणी नव्हतं. शाळेत आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, चीक पाजा, चांगला असतो. आईनं विश्वास ठेवला आणि पाजला. मुलगा चार-सहा दिवसांत जुलाबानं गेला. सासू आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं दारातूनच विचारलं, "चीक पाजलास?" आईनं हो म्हटल्यावर सासूनं जन्मभर तिच्या हातून बाळ घेतलं नाही, मलासुद्धा. माझ्या वेळी आईनं चीक काढून टाकला, मला तीन दिवस गुळाच्या पाण्यावर ठेवलं. मी जगले. "म्हणून मला ते खरं वाटलं," आई म्हणाली. "अजून वाटतंय. पण तू एवढी शिकलीस. तू खरं सांग. हिला तो चीक पाजला असता तर जगली असती का गं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. सांगता येत नाही, हे ते उत्तर. दिवस भरायच्या आत जन्मलेली, दोन किलोच्या आतली, रक्तात औषधांना न जुमानणारा जंतू. आईचा चीक भरपूर मिळालेली बाळंही जातात, आणि पावडरवरची वाचतात. शक्यता कमी-जास्त होते, एवढंच छातीठोकपणे म्हणता येतं. एका बाळाचं कारण असं बोट ठेवून कुणालाच दाखवता येत नाही.

मी म्हणाले, "हो. जगली असती."

आई रडली नाही. तिनं मुसळीला चिकटलेली चटणी बोटानं निपटून काढली, उखळात टाकली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्याला पाजला, तो गेला. हिला नाही पाजला, ही गेली. म्हणजे दोघंही माझ्याच हातानं."

त्या घरात एक गोष्ट मला अगदी खात्रीनं सांगता आली असती. चिकानं कुठलंही बाळ मरत नाही. खेड्यातलं पाणी, माश्या, वेळेवर न मिळालेला दवाखाना, कशानंही तिचा मुलगा गेला असेल, पण तिच्या दुधानं गेला नाही. त्या दुधानं झाला असेल तर त्याला आधारच झाला असेल. हे शक्यतेचं नाही, ठाम आहे. एका वाक्याचं काम होतं, आणि तिच्या मनातला निम्मा भार तिथल्या तिथं उतरला असता. ती माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणते का म्हणून.

मी पर्स उचलली आणि निघाले. आता मुलगा सहा महिन्यांचा आहे, पहिल्या थेंबापासून मीच पाजलेला, बाळसंही चांगलं धरलंय. आई दर रविवारी येते, लांबूनच त्याला पाहते, मागितल्याशिवाय हात लावत नाही. ते वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.